रूळ एक, वाटेकरी दोन

एकाच पाटाचे पाणी दोन शेतांना द्यावयाचे असले म्हणजे पाळी ठरवावी लागते, हे आपल्याकडील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पाळी कोणाची, किती वेळाची, पाट फुटल्यास दुरुस्ती कोणी करावयाची आणि कोणी मध्येच पाणी वळविले तर दाद कोठे मागावयाची, हे सारे आधीच ठरलेले असते. ते ठरलेले नसेल तर पाटावर डोकी फुटतात. लोहमार्गाची गोष्ट याहून फारशी निराळी नाही. ज्या रुळांवरून शहरातील माणसे कामावर जातात त्याच रुळांवरून बंदरातील माल देशभर जावयाचा असला म्हणजे तेथेही पाळी ठरवावीच लागते. मुंबई आणि तिच्या परिसरात ही पाळी कोणी ठरविली, कोणत्या हिशेबाने ठरविली आणि कोणाला विचारून ठरविली, असा प्रश्न केला तर नगरजनांपैकी एकालाही त्याचे उत्तर देता येणार नाही. ते उत्तर त्यांना कधी कोणी सांगितलेलेच नाही.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास सबळ कारण आहे. दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत केवळ मालगाड्यांसाठी म्हणून १,५०६ किलोमीटरांचा स्वतंत्र लोहमार्ग उभारण्याचे काम रेल्वेने हाती घेतले. पंजाबातील लुधियानापासून बिहारमधील सोननगरपर्यंतचा असाच १,३३७ किलोमीटरांचा मार्ग पूर्वेकडे बांधण्यात आला. या दोन्ही कामांसाठी २००६ साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले होते. दोन्ही मार्ग मिळून होणाऱ्या २,८४३ किलोमीटरांपैकी २,७४१ किलोमीटर मार्च २०२५ अखेर वाहतुकीस खुले झाले होते. मागे राहिला होता तो वैतरणा ते न्हावाशेवा हा १०२ किलोमीटरांचा टप्पा, म्हणजे नेमका मुंबईच्या पाठीमागून जाणारा भाग. देशाच्या एका टोकापासून आलेला मार्ग आमच्या दाराशी येऊन अडखळावा, याचा विषाद वाटणे स्वाभाविक आहे. तथापि या विलंबाने आपल्याला विचार करण्यास अवधी दिला, आणि त्या अवधीचा उपयोग आपण केला नाही, ही त्याहून अधिक चिंतेची गोष्ट आहे.

विचार कशाचा करावयाचा, हे नीट सांगितले पाहिजे. गुजरात आणि उत्तर भारत यांच्याकडून न्हावाशेवाकडे जाणाऱ्या मालगाड्या आजवर वसई रोडला मुख्य मार्ग सोडून जुचंद्र, कामण, खारबाव, भिवंडी यांवरून दिव्याकडे आणि तेथून पनवेलमार्गे बंदरात जात आल्या आहेत. नवा मार्ग पूर्ण भाराने वाहू लागणे याचा अर्थ या जुन्या मार्गावरील मालाचा मोठा ओघ त्याच्या स्वतःच्या रुळांवर जाणे, आणि जुन्या रुळांवर काही प्रमाणात जागा मोकळी होणे. ही मोकळी जागा कोणाच्या पदरात पडणार? आमच्या मते मुंबई परिसराच्या वाहतुकीतील येत्या काही वर्षांचा कळीचा प्रश्न हाच आहे.

वसई रोड ते दिवा हे अंतर अवघे ४२ किलोमीटरांचे आहे. या मार्गाच्या एका टोकाला वसई, नालासोपारा आणि विरार ही वस्ती आहे, दुसऱ्या टोकाला डोंबिवली, कल्याण आणि ठाणे आहे, आणि मध्ये भिवंडी आहे. यंत्रमागांचे आणि आता गोदामांचे हे लाखो वस्तीचे शहर असून त्याला या मार्गाखेरीज दुसरा लोहमार्ग नाही. तरीही येथून दिवसाकाठी प्रवाशांच्या गाड्या धावतात त्या बोटांवर मोजण्याइतक्या. वसईहून डोंबिवलीस जावयाचे तर सामान्य माणूस पश्चिम रेल्वेने दादरपर्यंत खाली येतो, पूल ओलांडतो आणि मध्य रेल्वेने पुन्हा वर जातो. त्रिकोणाची तिसरी बाजू डोळ्यांसमोर असता त्याने उरलेल्या दोन बाजू तुडवाव्यात, आणि आधीच श्वास कोंडलेल्या दादर स्थानकात आपल्या देहाची भर घालावी, यात शहाणपण कोणाचे दिसते? कोपर येथे हा मार्ग मध्य रेल्वेच्या डोक्यावरून जातो. खालच्या फलाटावर माणसांना पाय ठेवण्यास जागा नाही आणि वरच्या फलाटावर गाडीची वाट पाहण्याखेरीज दुसरे काम नाही, असा हा विरोधाभास आहे.

मालगाडी आणि उपनगरी गाडी एका रुळावर सुखाने नांदत नाहीत, याची कारणे यांत्रिक आहेत. त्यांत कोणाच्या दुष्टाव्याचा प्रश्न नाही. लोकल स्थानकातून सुटताच वेग घेते, दोन-तीन किलोमीटरांवर पुन्हा थांबते आणि तिच्या मागोमाग काही मिनिटांत दुसरी येते. मालगाडीची लांबी सुमारे ७०० मीटर आणि वजन हजारो टन. एकदा थांबली की वेगात येण्यास तिला बराच अवधी लागतो, आणि वेगात असता थांबविण्यासही तितकेच मोठे अंतर लागते. त्यामुळे गर्दीच्या वेळी एक मालगाडी मार्गावर आली तर ती अनेक लोकल गाड्यांचा वेळ गिळते. शिवाय लोकलला वेळापत्रक असते. आपल्याकडील मालगाडीला बहुधा ते नसते. ती केव्हा सुटेल आणि कोठे बाजूला उभी राहील, हे नियंत्रण कक्षात बसलेला अधिकारी त्या त्या घटकेला ठरवितो. त्याच्या कौशल्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु लाखो लोकांचा प्रवास एका अधिकाऱ्याच्या तत्कालीन निर्णयावर अवलंबून राहावा, ही व्यवस्था नव्हे. ही तडजोड आहे.

मुंबईला ही तडजोड नवी नाही. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत गाडी धावली तेव्हापासून या शहराने माणसे आणि माल एकाच रुळांवर वाहिले आहेत. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा मार्ग तर १९०६ साली शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी घातला गेला आणि १९२४ साली तो प्रवाशांना खुला झाला. दुसऱ्याच वर्षी, १९२५ साली, कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि उपनगरांची वाढ तिच्यामागून झाली. बंदराने १९१५ साली आपली स्वतःची रेल्वे सुरू केली होती. तेव्हा गाड्या थोड्या होत्या, शहर लहान होते, आणि सामंजस्याने सारे निभावले. आज उपनगरी गाड्यांतून दररोज सुमारे ७५ लाख माणसे प्रवास करतात आणि न्हावाशेवाच्या बंदरातून वर्षाला ७० लाखांहून अधिक कंटेनरांची उलाढाल होते. जे तेव्हा सामंजस्यावर निभावले ते आता लेखी ठरावावाचून निभावणार नाही.

असा लेखी ठराव कसा असतो, हे पाहावयाचे तर अमेरिकेकडे पाहावे लागेल. अमेरिकेतील प्रवासी रेल्वेचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. त्या बाबतीत युरोप आणि जपान तिच्या कितीतरी पुढे आहेत. परंतु तेथील बहुतेक लोहमार्ग खाजगी मालवाहू कंपन्यांच्या मालकीचे आहेत, आणि शहरांना आपल्या गाड्या चालवावयाच्या असल्या म्हणजे या कंपन्यांशी करार केल्यावाचून गत्यंतर नसते. मालक निराळा असल्यामुळे प्रत्येक गोष्ट कागदावर येते, आणि ती कागदावर आल्यामुळे आपल्याला तपासता येते.

पहिले उदाहरण सॅन दिएगोचे घेऊ. १९७६ साली एका वादळाने तेथील एका मालवाहू मार्गाची मोडतोड केली. सदर्न पॅसिफिक कंपनी तो मार्ग बंद करावयास निघाली, पण सरकारी नियामकाने त्यास नकार दिला. तेव्हा शहराच्या वाहतूक मंडळाने पुढे होऊन १९७९ साली तो १ कोटी ८१ लाख डॉलरना विकत घेतला आणि १९८१ साली शहरापासून मेक्सिकोच्या सरहद्दीपर्यंत सुमारे १६ मैलांची ट्रॅम त्याच रुळांवर सुरू केली. मालाचे काय झाले? तो बंद झाला नाही. दिवसा ट्रॅम आणि रात्री ती थांबल्यावर मालगाडी, अशी वाटणी ठरली. हलकी ट्रॅम आणि जड मालगाडी यांची गाठ पडू द्यावयाची नाही, हे सुरक्षेचे तत्त्व त्यामागे होते. पाटाच्या पाण्याची पाळी याहून वेगळी ती काय असते? दिवस एकाचा, रात्र दुसऱ्याची, आणि मर्यादा दोघांनाही मान्य.

दुसरे उदाहरण लॉस एंजेलिसचे. ते दुःखद आहे. तेथे १९९० च्या सुमारास आसपासच्या परगण्यांच्या वाहतूक मंडळांनी मालवाहू कंपन्यांकडून शेकडो मैलांचे मार्ग अथवा त्यांवरील हक्क खरेदी केले आणि १९९२ साली मेट्रोलिंक ही उपनगरी सेवा सुरू झाली. मालगाड्यांचा त्या मार्गांवरून जाण्याचा हक्क कायम राहिला. वेळ वाटली गेली, पैसा वाटला गेला. परंतु एक माणूस चुकला तर दुसऱ्या बाजूने त्याला कोण आणि कसे थांबविणार, हे ठरलेले नव्हते. १२ सप्टेंबर २००८ रोजी चॅट्सवर्थ येथे मेट्रोलिंकची गाडी लाल सिग्नल ओलांडून एकेरी मार्गावर गेली आणि समोरून येणाऱ्या युनियन पॅसिफिकच्या मालगाडीवर आदळली. २५ माणसे प्राणास मुकली आणि शंभराहून अधिक जखमी झाली. प्रवासी गाडीचा चालक त्या वेळी मोबाइलवर संदेश पाठवीत होता, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

या अपघातातून तेथील लोकांनी जे शिकून घेतले ते आम्हांस महत्त्वाचे वाटते. दोष चालकाचा होता, तो त्या अपघातात मरण पावला, प्रकरण मिटले, असे म्हणून त्यांना मोकळे होता आले असते. तसे झाले नाही. अवघ्या पाच आठवड्यांत अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्यावर अध्यक्षांची स्वाक्षरी झाली आणि चालक चुकला तरी गाडी आपोआप थांबावी अशी यंत्रणा बसविण्याचे बंधन प्रवासी आणि मालवाहू अशा दोन्ही रेल्वेंवर आले. त्यांतील मर्म असे की एका कंपनीचे इंजिन दुसरीच्या रुळांवर गेले तरी ही यंत्रणा चालली पाहिजे, अशी अट त्या कायद्यात होती. रूळ दोघांचे असतील तर सावधगिरीही दोघांची असली पाहिजे, हा त्याचा अर्थ. मूळ मुदत २०१५ ची होती. ती पाळली गेली नाही, दोनदा लांबली, आणि २०२० च्या डिसेंबरात सुमारे ५७,५०० मैलांवर हे काम पुरे झाले. मुदत लांबली हे खरे; पण ती सर्वांसमक्ष लांबली, आणि कोणी किती मैल पुरे केले याचा हिशेब वेळोवेळी प्रसिद्ध होत राहिला.

तिसरे उदाहरण शिकागोचे. अमेरिकेतील रेल्वेने जाणाऱ्या मालाचा सुमारे चौथा हिस्सा या एका शहरातून जातो, आणि त्याच रुळांवर मेट्रा या उपनगरी सेवेच्या गाड्या धावतात. २००३ साली केंद्र सरकार, इलिनॉय राज्य, शिकागो शहर, मेट्रा, अ‍ॅमट्रॅक आणि मालवाहू कंपन्या यांनी एकत्र बसून ७० कामांची एक यादी तयार केली. ज्याला ज्या कामाचा जेवढा लाभ, त्याने तेवढा भार उचलावा, असे तत्त्व त्यांनी मानले. त्यांपैकी एंगलवूड येथील पूल २०१४ साली पुरा झाला. तेथे मेट्राच्या रोजच्या ७८ गाड्या आणि माल व अ‍ॅमट्रॅक मिळून सुमारे ६० गाड्या एकमेकींचा मार्ग समपातळीवर ओलांडीत असत आणि एकीसाठी दुसरी खोळंबत असे. मेट्राचा मार्ग उचलून वर नेला आणि खोळंबा संपला. खर्च झाला सुमारे १४ कोटी डॉलर. कित्येक वर्षे जे भांडण म्हणून चालले होते ते मुळात एका पुलाचे काम होते, असे शेवटी निष्पन्न झाले.

पण शिकागोचीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मेट्राचे काही मार्ग युनियन पॅसिफिकच्या मालकीचे असून त्यांवरील प्रवासी गाड्या ही मालवाहू कंपनीच करारानुसार चालवीत असे. पुढे कंपनीला ते काम नकोसे झाले. २०१९ साली तिने न्यायालयात दाद मागितली, आणि प्रवासी गाड्या स्वतः चालविण्याचे बंधन तिच्यावर नाही असा निकाल लागला. त्यानंतर २०२५ पर्यंत मेट्राने ती माणसे आणि ते काम टप्प्याटप्प्याने आपल्या हाती घेतले. रूळ मात्र कंपनीचेच राहिले. करार म्हणजे प्रेमाचा दाखला नव्हे, हे यावरून दिसते. सहकार्य संपले तरी गाड्या बंद पडणार नाहीत अशी तजवीज ज्यात आधीच केलेली असते, तोच करार खरा.

चौथे आणि शेवटचे उदाहरण बंदराचे असून आमच्या प्रश्नाशी त्याचे जवळचे नाते आहे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांतून निघणाऱ्या मालगाड्या शहरातील रस्ते दोनशेहून अधिक ठिकाणी ओलांडीत असत, आणि फाटकांपाशी वाहनांच्या रांगा लागत. २००२ साली तेथे अ‍ॅलमीडा नावाचा २० मैलांचा मार्ग खुला झाला. त्यांपैकी १० मैल तो जमिनीच्या पोटातून उघड्या खंदकात नेलेला आहे. सुमारे २४० कोटी डॉलरांच्या या खर्चासाठी जे कर्ज काढले ते मालवाहू कंपन्यांकडून दर कंटेनरमागे घेतलेल्या आकारातून फेडावयाचे, असे ठरले. बंदराचा लाभ ज्या शहराच्या उरावरून जातो त्या शहराचे सांत्वन भाषणांनी न करता आकारणीने करावे, ही कल्पना आमच्याकडील धुरीणांनी मनावर घेण्यासारखी आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात मालगाड्या आणि उपनगरी गाड्या यांचा मालक एकच, भारतीय रेल्वे. वरवर पाहता ही मोठी सोय आहे: दोन धनी नाहीत, म्हणून भांडण नाही. वस्तुस्थिती मात्र उलट झाली आहे. तेथे धनी दोन असल्यामुळे करार करावा लागतो; येथे धनी एक असल्यामुळे कराराची गरजच कोणाला भासत नाही. डाव्या हाताने उजव्या हाताशी कसला करार करावयाचा? परिणाम असा की कोणत्या मार्गावर किती वेळ मालाचा आणि किती माणसांचा, हे दिल्लीतील मंडळ आणि येथील विभागीय कचेऱ्या आपसांत ठरवितात, आणि ज्या शहराचे जीवन त्या निर्णयावर चालते ते शहर त्या घरात भाडेकरूसारखे राहते. भाडेकरूला निदान भाडेचिठ्ठी तरी मिळते. मुंबईला तीही मिळालेली नाही.

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की आम्ही मालवाहतुकीच्या विरोधात उभे आहोत. मालगाड्यांच्या नफ्यातून प्रवासी वाहतुकीची तूट भरून निघते आणि आमच्या लोकलचे भाडे त्यामुळेच स्वस्त राहते, हे आम्ही जाणतो. एका नेहमीच्या मालगाडीवर विसाफुटी ९० कंटेनर मावतात. नव्या मार्गावरील दुमजली गाडीवर त्यांच्या दुप्पट. तेच रस्त्याने न्यावयाचे तर प्रत्येकी दोन कंटेनर वाहणारे ४५ किंवा ९० ट्रेलर लागतील, आणि ते घोडबंदरच्या रस्त्यावर आणि शीव-पनवेल महामार्गावर आपल्याच गाड्यांच्या पुढे उभे राहतील. माल रुळांवरच राहिला पाहिजे, किंबहुना तो आणखी वाढला पाहिजे. नवा मार्ग त्यासाठीच आहे. आमचे म्हणणे एवढेच की मालाला त्याचे स्वतःचे घर मिळाल्यावर जुन्या घरातील खोल्यांचे काय करावयाचे, हे ठरविताना त्या घरात दाटीवाटीने राहणाऱ्यांनाही विचारले जावे.

तसे विचारणे अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याच परिसरात आहे. नव्या मुंबईचा लोहमार्ग घातला गेला तेव्हा खर्चाचे ६७ टक्के सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने सोसावयाचे ठरले, आणि १९९२ साली मानखुर्दहून वाशीस गाडी गेली. उरणच्या मार्गासाठीही तेच प्रमाण राहिले. तो २०१८ साली खारकोपरपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत खुला झाला. १९९९ साली स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळात रेल्वे मंत्रालयाचा ५१ आणि महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के भाग आहे. म्हणजे पैशाची वाटणी लेखी करण्याची रीत येथे रुळलेली आहे. राहिली आहे ती वेळेची वाटणी. ज्या राज्याने रुळांसाठी पैसा दिला त्या राज्याला त्या रुळांवरील तासांविषयी बोलण्याचा अधिकार नसावा, हे न्यायाच्या कोणत्या तराजूत बसते?

वेगळ्या रुळांचे मोलही आपण अनुभवलेले आहे. ठाणे ते दिवा या टापूत पाचवी आणि सहावी मार्गिका टाकण्याचे काम २००८ साली मंजूर झाले आणि १८ फेब्रुवारी २०२२ रोजी त्या खुल्या झाल्या. लांब पल्ल्याच्या गाड्या त्यांवर गेल्या आणि ३६ नव्या लोकल फेऱ्यांची सोय झाली. एवढ्याशा अंतराला चौदा वर्षे लागली, ही खंत आहेच. परंतु रूळ मोकळे झाले की माणसांना लाभ होतो, हे त्यातून सिद्ध झाले. आणि ते किती अपुरे आहे हेही त्याच टापूत दिसले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळत जाणारे प्रवासी दोन गाड्यांतून खाली पडले आणि त्यांतील काही प्राणास मुकले. मुंबईच्या लोहमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. हा आकडा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याने आता कोणाची झोप मोडत नाही. गर्दीचा प्रश्न हा सोयीचा प्रश्न नव्हे. तो जिवाचा प्रश्न आहे, आणि रुळांवरील प्रत्येक मोकळ्या तासाची किंमत त्या मापाने केली पाहिजे.

सुरक्षेचा धडाही आपल्याला परदेशातून आणण्याची गरज नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेस सिग्नलच्या कामातील चुकीमुळे बाजूच्या मार्गावर वळली आणि तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. दोनशे नव्वदहून अधिक माणसे त्यात गेली. माल आणि माणसे जेथे एकत्र येतात तेथे चुकीला क्षमा नसते, हे त्या रात्रीने सांगितले. वसई-दिवा-पनवेल मार्गावर प्रवासी गाड्या वाढवावयाच्या तर मालगाड्यांच्या शेजारी त्या कशा सुरक्षित राहतील, हे पहिल्या गाडीच्या आधी ठरले पाहिजे. चॅट्सवर्थने जे अपघातानंतर शिकविले ते आपण अपघाताआधी शिकावे.

म्हणून आमची मागणी अशी. रेल्वे, महाराष्ट्र शासन, जवाहरलाल नेहरू बंदर आणि या मार्गावरील महानगरपालिका यांच्यात वसई-दिवा-पनवेल मार्गाविषयी एक लेखी ठराव व्हावा आणि तो जनतेपुढे ठेवावा. नवा मार्ग वापरात येण्यापूर्वी जुन्यावरून किती मालगाड्या जात होत्या आणि नंतर किती जातील, हे आकडे त्यात असावेत. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीचे ठराविक तास प्रवासी गाड्यांसाठी राखून ठेवावेत आणि रात्रीचे तास मालासाठी मोकळे असावेत. जेथे एकाला दुसऱ्यासाठी थांबावे लागते ती ठिकाणे कोणती, तेथे पूल बांधावयाचा की बगल मार्ग, आणि त्याचा खर्च कोणाच्या लाभाच्या प्रमाणात कोणी करावयाचा, हे नमूद असावे. बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरवर अल्पसा आकार बसवून त्याचा काही भाग या कामाला लावता येईल किंवा नाही, याचाही विचार व्हावा. आणि वाद उद्भवल्यास तो कोणापुढे न्यावयाचा, हे तर अवश्य लिहिलेले असावे.

नुसत्या मोकळ्या रुळांनी गाड्या धावत नाहीत, हे सांगण्यास अधिकारी विसरणार नाहीत, आणि त्यांचे ते म्हणणे खरे आहे. फलाट उंच करावे लागतील, पादचारी पूल बांधावे लागतील, फाटके बंद करावी लागतील, डबे आणि चालक आणावे लागतील. ही सारी कामे वर्षानुवर्षांची आहेत. परंतु याच कारणासाठी ठराव आधी हवा. रूळ रिकामे राहत नसतात. आज जेथे जागा झाली तेथे उद्या दुसरी मालगाडी उभी राहते, आणि परवा तिचा तो वहिवाटीचा हक्क होऊन बसतो. मग फलाट तयार झाल्यावर गाडीसाठी जागा मागावयास गेलेल्या नगराला सांगण्यात येईल की मार्गावर आता सवड नाही.

लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न संसदेत आणि विधानसभेत विचारावा. भिवंडीचे गोदामवाले आणि न्हावाशेवाचे व्यापारी यांनीही तो विचारावा. ज्या कामगाराला दोन तास आधी घर सोडावे लागते त्याच्या थकव्याची किंमत त्यांच्या मालावरही बसत असते. रेल्वे मंत्रालयाकडे आम्ही कोणतीही सवलत मागत नाही. वेळेचा जो हिशेब त्याच्या कचेरीत रोज लिहिला जातो तो त्याने एकदा मुंबईपुढे ठेवावा आणि पुढील वाटणी मुंबईला विचारून करावी, एवढेच आमचे मागणे आहे. माल आपल्या नव्या वाटेला लागण्यापूर्वी हे झाले पाहिजे. नंतर ते होणे फार कठीण जाईल.